लपून खेळण्याचे मोल : होसकोट्याचा छापा आणि ओपन वर्ल्ड गेममधील स्टेल्थ

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेमच्या समीक्षेत वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न या टिपणात घेतला आहे. ओपन वर्ल्ड पद्धतीच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आरपीजीमध्ये, लपतछपत, शत्रूच्या नजरेस न पडता खेळणे खरोखर सार्थकी लागते का? इंग्रजीत या खेळपद्धतीला स्टेल्थ म्हणतात आणि मराठीतही तोच शब्द रुळला आहे. आपल्याकडे याच अर्थाचे जुने शब्द आहेतच. दबा धरणे, पाळत ठेवणे, चोरपावलांनी जाणे, छापा घालणे ही क्रियापदे मराठी माणसाला इतिहासाच्या पुस्तकातून शाळेतच भेटतात.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पहिला, स्टेल्थ फायद्याचे आहे का? म्हणजे त्याने गेम जिंकता येतो का? दुसरा, स्टेल्थ अर्थपूर्ण आहे का? म्हणजे तसे खेळताना खेळाडूला वेगळा विचार करावा लागतो का, आणि ते जग त्याच्याशी वेगळे वागते का? बहुतेक चर्चा पहिल्या प्रश्नावर संपते. या टिपणाचे म्हणणे असे की, लोकप्रिय ओपन वर्ल्ड आरपीजींमध्ये स्टेल्थ बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त फायद्याचे आणि असायला हवे त्यापेक्षा कमी अर्थपूर्ण असते. त्याचे कारण लपणाऱ्या पात्राकडे पाहून कळत नाही. त्यासाठी पहारेकऱ्याकडे पाहावे लागते.

हा मुद्दा मांडण्यासाठी आपण एका खऱ्या छाप्याचा आधार घेणार आहोत. तो बंगळूरजवळच्या होसकोटे येथे १७६८ मध्ये घातला गेला आणि फसला.

२. काही संज्ञा आणि थोडा इतिहास

ओपन वर्ल्ड म्हणजे असा गेम, ज्यात खेळाडूला एक मोठा सलग प्रदेश मिळतो आणि कुठे, कधी, कोणत्या क्रमाने जायचे हे बऱ्याच अंशी तो स्वतः ठरवतो. आरपीजी म्हणजे असा गेम, ज्यात पात्राची वाढ होते. त्याची कौशल्ये, शस्त्रे, अनुभवाची पातळी वाढत जाते आणि खेळाडू आपल्या आवडीनुसार त्या वाढीला वळण देतो. कोणी तलवारबाज होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर.

स्टेल्थचा उगम मात्र या प्रकारच्या गेममध्ये झालेला नाही. १९८७ च्या ‘मेटल गिअर’ने शत्रूला टाळत पुढे जाणे हाच खेळाचा गाभा केला. १९९८ मध्ये लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ आला. त्यात पात्र उजेडात आहे की अंधारात हे दाखवणारे एक रत्न पडद्यावर असे, आणि पावलांचा आवाज जमिनीवर अवलंबून असे. फरशीवर पाऊल वाजे, गालिच्यावर वाजत नसे. खेळाडूला प्रत्येक खोलीत शिरण्याआधी मशाल कुठे आहे, जमीन कशाची आहे आणि पहारेकरी कोणत्या बाजूला वळतो हे पाहावे लागे.

‘थीफ’मधील प्रत्येक वाडा, प्रत्येक मशाल आणि प्रत्येक गालिचा रचनाकारांनी विचारपूर्वक जागच्या जागी ठेवलेला होता. ओपन वर्ल्ड गेममध्ये अशी शेकडो ठिकाणे असतात आणि खेळाडू तिथे कोणत्याही दिशेने, कोणत्याही वेळी, कोणत्याही पातळीचे पात्र घेऊन पोहोचू शकतो. प्रत्येक ठिकाण तितक्या निगुतीने रचणे अवघड असते. मग एकच पहारेकरी तयार करून तो सगळीकडे उभा केला जातो. ठरावीक टप्प्यात पाहणारा, काही दिसले तर काही सेकंद शोधणारा आणि नंतर पूर्ववत होणारा. स्टेल्थची पुढची सगळी कहाणी या पहारेकऱ्याच्या अकलेवर अवलंबून आहे.

३. होसकोटे, ऑगस्ट १७६८

होसकोटे हे कन्नड नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘नवा किल्ला’. गाव बंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर आहे. मराठी वाचकाला या मुलखाची ओळख शहाजीराजांमुळे असते, कारण विजापूरच्या दरबाराकडून त्यांना मिळालेली जहागीर याच बंगळूर-कोलार भागातली होती.

पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७६७-६९) ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य होसकोट्याजवळ तळ ठोकून होते. गुत्तीचे मराठा सरदार मुरारराव घोरपडे कंपनीच्या बाजूने लढत होते आणि त्यांची छावणी इंग्रजांच्या तळापासून थोड्या अंतरावर, वेगळी पडलेली होती. २२ ऑगस्टच्या रात्री, उजाडता २३, हैदर अलीच्या फौजेने मुराररावांच्या छावणीवर छापा घातला. बेत सरळ होता. अंधारात घोडदळ छावणीत घुसवायचे, गोंधळ उडवायचा आणि इंग्रजांची मदत पोहोचण्याआधी मराठ्यांचा निकाल लावायचा.

छावणीवर रात्री घोडदळ आले की लोक साहजिकच घोड्यांकडे धावतात, स्वार होतात आणि अंधारात समोर दिसेल त्यावर वार करतात. आपला कोण आणि परका कोण हे कोणालाच कळत नाही. छापा घालणाऱ्याला हेच हवे असते. मुराररावांनी नेमके हेच होऊ दिले नाही. कोणीही घोड्यावर बसायचे नाही, प्रत्येकाने आपापल्या घोड्याजवळ उभे राहायचे आणि जो कोणी घोड्यावर दिसेल तो शत्रू समजायचा, असा हुकूम त्यांनी दिला. एका वाक्यात आपला आणि परका यांतला फरक अंधारातही दिसू लागला. अंधार हे छापा घालणाऱ्यांचे बळ होते. आता तो त्यांच्यावरच उलटला, कारण घोड्यावर तेच होते.

कंपनीच्या बाजूच्या इतिहासलेखनात आणखी एक गोष्ट सांगितली जाते. छावणीतला एक हत्ती जखमी झाला, बिथरला, बांधलेल्या जागेवरून सुटला आणि साखळी सोंडेत धरून हैदरच्या घोडदळात शिरला. घोडदळ मागे फिरले ते स्वतःच्याच पायदळावर जाऊन आदळले. ही कथा जिंकलेल्या बाजूने सांगितलेली आहे, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. मात्र छापा फसला याबद्दल वाद नाही.

हाच हैदर अली पुढच्या वर्षी, मार्च १७६९ अखेर, निवडक घोडदळ घेऊन अचानक मद्रासच्या वेशीवर प्रकट झाला आणि कंपनीला तह करावा लागला. तेव्हा तो अंधारात लपला नव्हता. शत्रूचे सैन्य भलत्याच ठिकाणी गुंतवून ठेवून तो दुसऱ्या वाटेने निघाला होता. होसकोट्याला त्याला रात्रीचा अंधार मिळाला, पण समोरच्याची चूक मिळाली नाही. मद्रासला दिवसाचा उजेड होता, पण समोरच्याची समजूत चुकलेली होती.

यातून समीक्षेसाठी तीन गोष्टी हाती लागतात.

(अ) लपण्याचे खरे साधन अंधार नसून समोरच्याचे अज्ञान आहे. अंधार हा त्या अज्ञानाचा एक प्रकार आहे, एवढेच.

(आ) पहारा देणारा विचार करू शकतो, आणि तो विचार करतो तेव्हाच छाप्यात जोखीम येते.

(इ) छापा फसला तरी कथा संपत नाही. तिचे रूप बदलते. होसकोट्याचे अपयश घेऊनच हैदरला पुढचे डाव टाकावे लागले.

होसकोट्याला माणसे मेली. ती लढाई म्हणजे गेम नव्हती. तुलना फक्त रचनेपुरती आहे. आता या तीन कसोट्या घेऊन काही गेमकडे पाहू.

४. ‘स्कायरिम’ : डोळा मिटला की झाले

बेथेस्डाचा ‘स्कायरिम’ नोव्हेंबर २०११ मध्ये आला आणि ओपन वर्ल्ड आरपीजी म्हटले की आजही त्याचे नाव आधी निघते. त्यात स्टेल्थ कसे चालते? पात्र वाकून चालू लागले की पडद्याच्या मध्यभागी एक डोळा दिसतो. डोळा मिटलेला असेल तर तुम्ही कोणाला दिसत नाही. तो उघडू लागला की कोणीतरी संशय घेत आहे. उजेड, चिलखताचे वजन, हालचाल यांचा परिणाम त्यावर होतो. म्हणजे ‘थीफ’चा वारसा इथे आहे.

पण या वारशावर आरपीजीचे आकडे येऊन बसतात. लपून केलेल्या हल्ल्याचे नुकसान पटीत वाढते. एकहाती शस्त्राने तिप्पट, धनुष्याने दुप्पट, ही सुरुवात. कौशल्य वाढवत नेले की धनुष्याचा वार तिप्पट होतो आणि खंजिराचा वार पंधरापट. ‘स्नीक’ हे कौशल्य शंभरापर्यंत पोहोचले की वाकल्याबरोबर चालू असलेली लढाई क्षणभर थांबते आणि दूरचे शत्रू समोरच्या माणसाला शोधू लागतात.

परिणामी उजेड, आवाज, चिलखत या गोष्टी हळूहळू गौण होतात. पात्राचे कौशल्य इतके वाढते की जागा कशी आहे याला महत्त्व उरत नाही. लपून बाण मारणारा धनुर्धर हा या गेमचा जवळजवळ विनोदाचा विषय झाला आहे. मांत्रिक म्हणून सुरुवात केली काय किंवा तलवारबाज म्हणून, बरेच खेळाडू शेवटी तिथेच येऊन थांबतात. ज्या गेमचे सगळे आकर्षण निवडीच्या स्वातंत्र्यात आहे, त्यात एकच निवड सर्वांत सोपी आणि सर्वांत फायद्याची ठरते.

आणि पहारेकरी? शेजारी उभा असलेला सोबती बाणाने कोसळतो. पहारेकरी तलवार उपसतो, इकडेतिकडे फिरतो आणि थोड्या वेळाने, भास झाला असावा अशा थाटात, जागेवर परततो. सोबत्याचे प्रेत तिथेच पडलेले असते. तो दुसऱ्याला उठवत नाही, दार लावून घेत नाही, मशाल पेटवत नाही. मुराररावांच्या छावणीतला साधा शिपाईही इतका निर्बुद्ध नव्हता. वरच्या तिन्ही कसोट्यांवर इथले स्टेल्थ उतरत नाही. अज्ञान आकड्याने मिळते, पहारेकरी विचार करत नाही आणि चूक झाली तर आधी जतन केलेल्या क्षणावर परत जाता येते.

तरीही लोकांना हे आवडते, आणि त्यामागे खरे कारण आहे. दबकत चालल्याने खेळाचा वेग मंदावतो. गुहेतले दरोडेखोर आपसात काय बोलत आहेत हे कानावर पडते. धावत, तलवार फिरवत जाणाऱ्याला ही संभाषणे ऐकूच येत नाहीत. दुबळे पात्र बलाढ्य शत्रूला मात देऊ शकते यातही एक न्याय आहे. म्हणून ‘स्कायरिम’मधील स्टेल्थ टाकाऊ आहे असे म्हणणे चूक ठरेल. त्यातला ऐकण्याचा भाग मोलाचा आहे. पंधरापटीने मारण्याच्या भागाला तसे मोल नाही. दुर्दैवाने गेम बक्षीस देतो ते दुसऱ्यालाच.

५. पातळीची अडचण

आरपीजी आणि स्टेल्थ यांच्यात एक मूलभूत ताण आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेत तो स्पष्ट दिसतो. २००७ च्या पहिल्या गेमपासून मनगटाखालचे लपवलेले पाते ही या मालिकेची खूण आहे. ते बेसावध माणसाला लागले की माणूस संपला. २०१७ च्या ‘ओरिजिन्स’पासून मालिका आरपीजीकडे वळली आणि शत्रूंना पातळ्या आल्या. आता तुमच्याहून बऱ्याच वरच्या पातळीच्या माणसाच्या मानेत पाते खुपसले तरी तो मरेलच असे नाही. त्याच्या डोक्यावरची जीवनरेषा थोडी कमी होते आणि तो वळून लढू लागतो. जुन्या खेळाडूंना याचा राग आला. २०२० च्या ‘वल्हाला’मध्ये एका वारात हमखास ठार करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवला गेला.

हा पेच नीट समजून घ्या. पाते नेहमीच ठार करत असेल तर पात्र वाढवण्याला अर्थ राहत नाही, कारण पहिल्या दिवशीचा नवखा आणि शंभर तास खेळलेला तरबेज यांचा वार सारखाच. पाते नेहमी ठार करत नसेल तर लपण्याला अर्थ राहत नाही, कारण तासभर पाळत ठेवून पोहोचल्यावरही समोरचा आकडा मोठा आहे म्हणून सगळे वाया जाते. सेटिंगमधला पर्याय हा पेच सोडवत नाही, तो खेळाडूच्या गळ्यात घालतो.

यातून वाट निघते ती पात्राची वाढ कशात मोजायची हे बदलल्याने. वाढ वाराच्या जोरात मोजली तर पेच कायम राहणार. वाढ माहितीत, ओळखीत, वेषांतरात, वाटा ठाऊक असण्यात मोजली तर तो सुटू शकतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी पुण्यात शाहिस्तेखानाच्या मुक्कामात शिरले. त्यांच्या तलवारीला त्या रात्री पंधरापट धार आली नव्हती. खान ज्या लाल महालात उतरला होता, तिथे त्यांचे बालपण गेले होते. वास्तू ओळखीची होती आणि महिना रमजानचा होता. त्यांची ‘पातळी’ मोजायचीच तर ती या माहितीत मोजावी लागेल.

६. जिथे स्टेल्थ जमले

झेक प्रजासत्ताकातल्या वॉरहॉर्स स्टुडिओजचा ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ २०१८ मध्ये आला. काळ १४०३ चा, प्रदेश बोहेमियाचा आणि नायक हेन्री, एका लोहाराचा मुलगा. त्याला सुरुवातीला धड तलवार चालवता येत नाही आणि वाचताही येत नाही. इथे लपणे कपड्यांपासून सुरू होते. प्रत्येक कपड्याला आवाज आणि दृश्यमानता यांचे गुण आहेत. लोखंडी चिलखत घालून रात्री कोणाच्या घरात शिरलात तर खणखणाट होणारच. गडद, मऊ कपडे घातलेत तर दिसणार नाही, पण कोणी गाठले तर वार थेट अंगावर. म्हणजे लपण्याची किंमत आधीच मोजावी लागते. शिवाय रात्री गावात मशालीशिवाय फिरणाऱ्याला पहारेकरी हटकतात. इथे अंधार फुकट मिळत नाही. अंधारात असणे हाच संशय आहे.

या गेममध्ये लुटारूंच्या तळाची टेहळणी करण्याची एक मोहीम आहे. खेळाडू रात्री तिथे शिरून त्यांच्या अन्नात विष कालवू शकतो, बाणांचा साठा जाळू शकतो किंवा नुसते पाहून परत येऊ शकतो. नंतर तळावर उघड हल्ला होतो आणि आदल्या रात्री काय केले त्यावर त्या लढाईची अवघडता ठरते. इथे स्टेल्थ युद्धाला पर्याय म्हणून आलेले नाही. ते युद्धाची तयारी म्हणून आले आहे. गनिमी काव्यातही हेरगिरी, रसद तोडणे आणि थेट हल्ला ही एकाच साखळीतली कडी असतात.

जतन करण्याच्या सोयीवरही या गेमने मर्यादा घातली. झोपल्यावर, ठरावीक प्रसंगी किंवा एक विशिष्ट पेय खर्चूनच खेळ जतन होतो. यावर टीका झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. ज्याला रोज अर्धा तासच खेळायला मिळतो त्याला ही अट जाचक वाटणारच. नंतर खेळ जतन करून बाहेर पडण्याची सोय दिली गेली. पण मूळ कल्पना स्टेल्थच्या हिताची होती. पकडले गेल्यावर लगेच मागे जाता येत नसेल तर पकडले जाणे ही घटना होते. मग पळावे लागते, दंड भरावा लागतो, थापा माराव्या लागतात. कथा पुढे सरकते.

दुसरे उदाहरण २०१० च्या ‘फॉलआउट : न्यू वेगास’चे. यात कोणत्याही गटाचा गणवेश चढवला की तुम्ही त्यांच्यातलेच समजले जाता आणि तळात उजळ माथ्याने फिरू शकता. मात्र काही अधिकारी आणि पहाऱ्यावरचे कुत्रे हे सोंग ओळखतात. शिवाय त्या गटाचे वैरी तुम्हाला खरोखर त्या गटाचे समजून गोळ्या घालतात. ही यंत्रणा साधी आहे, पण तिने स्टेल्थ अंधारातून बाहेर काढून समाजात आणले. लपणे म्हणजे न दिसणे हाच एक अर्थ नाही. दिसूनही ओळखू न येणे हाही त्याचा अर्थ आहे. लाल महालाच्या छाप्याबद्दल लग्नाच्या वऱ्हाडातून शहरात शिरल्याची कथा सांगितली जाते ती याच जातीची.

७. गेमने दिलेला शब्द

स्टेल्थ सार्थकी लागते का, याचे उत्तर आणखी एका गोष्टीवर ठरते. ती म्हणजे गेम आपला शब्द शेवटपर्यंत पाळतो का. २०११ च्या ‘डेअस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये कोणाच्याही नजरेस न पडता मोहीम पार पाडली तर जास्त अनुभवगुण मिळतात. खेळाडू त्यानुसार आपले पात्र घडवतो. मग बॉस येतो, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, आणि बंद खोलीत समोरासमोर गोळीबार करण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. वीस तास ज्याने बंदूक बाजूला ठेवली त्याला त्याच बंदुकीवर परीक्षा द्यावी लागते. ही टीका निर्मात्यांपर्यंत पोहोचली आणि २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्या लढतींमध्ये इतर मार्ग ठेवले गेले. हा गेम पूर्ण अर्थाने ओपन वर्ल्ड नाही, पण धडा सर्वांना लागू आहे. अभ्यासक्रमात शिकवलेच नाही ते परीक्षेत विचारू नये, ही अपेक्षा विद्यार्थ्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

नैतिकतेच्या बाबतीतही शब्द पाळावा लागतो. २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त १२७४ च्या मंगोल आक्रमणाची पार्श्वभूमी आहे. नायक जिन सकाई सामुराई आहे आणि पाठीत वार करणे त्याच्या कुळाच्या धर्मात बसत नाही. त्याचा काका त्याला वारंवार ते ऐकवतो. विषय उत्तम आहे. पण तुम्ही शक्य तिथे सगळीकडे समोरासमोर लढलात तरी कथा जिनला ‘भूत’ ठरवतेच, आणि सगळीकडे लपून मारलेत तरी कथा तीच राहते. जो प्रश्न गेम पात्राला विचारतो तो खेळाडूला विचारत नाही. हा गेम आरपीजीपेक्षा साहसी गेमच्या जवळचा आहे, हे मान्य. तरी स्टेल्थवर इतका थेट नैतिक प्रश्न उभा करून त्याचे उत्तर खेळाडूच्या हातात न देणे ही हुकलेली संधी आहे.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा. एकट्याने खेळायचा गेम आहे, खेळाडूला मजा येत असेल तर समीक्षकाने नाक का खुपसावे? मजा येते यात वाद नाही. पण समीक्षेचे काम मजा येते की नाही हे सांगण्यापुरते नसते. ती कशातून येते आणि कधी आटते हेही सांगावे लागते. लपून बाण मारण्याची मजा पहिल्या पाच गुहांत असते. पन्नासाव्या गुहेतही तोच बाण, तोच पहारेकरी आणि तीच विसरभोळी शोधाशोध असेल तर मजेची जागा सवय घेते. खेळाडू मग गेमला कंटाळल्याचे सांगतो. प्रत्यक्षात तो त्या पहारेकऱ्याला कंटाळलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पहारेकरी खरोखर हुशार केले तर गेम खेळताच येणार नाही. एक प्रेत सापडले की अख्खा किल्ला जागा, दरवाजे बंद, दहा दिवस दुप्पट पहारा. नवख्या खेळाडूने काय करायचे? ही अडचण खरी आहे. मात्र होसकोट्याचे उदाहरण इथे मदतीला येते. मुराररावांचा हुकूम हुशारीचा होता, तसाच तो सोपाही होता. ‘जो घोड्यावर तो शत्रू’ हा नियम कळल्यावर एखादा चलाख हल्लेखोर लगेच घोड्यावरून उतरला असता. चांगल्या स्टेल्थसाठी सर्वज्ञ पहारेकरी लागत नाही. ज्याचा नियम खेळाडूला ओळखता येईल आणि परिस्थितीनुसार बदलताना दिसेल असा पहारेकरी लागतो. मशाली पेटवणारा, कुत्रा सोडणारा, परवलीचा शब्द बदलणारा. प्रत्येक बदल खेळाडूसाठी नवे कोडे असते. गेम अवघड करणे आणि गेम जिवंत करणे यांत हा फरक आहे.

९. निष्कर्ष

ओपन वर्ल्ड आरपीजीमध्ये स्टेल्थ खेळण्याजोगे आहे का? केवळ जिंकण्यासाठी विचारत असाल तर बहुतेक ठिकाणी उत्तर होकारार्थी आहे, आणि तीच त्यातली खोट आहे. ज्या पद्धतीने नेहमीच जिंकता येते ती खेळपद्धती राहत नाही, ती पळवाट होते. ज्या गेममध्ये लपण्याने खेळाडूला जास्त कळते, लपण्याची किंमत मोजावी लागते, पकडले गेल्यावर कथा पुढे जाते आणि पहारेकरी आपला नियम बदलू शकतो, तिथे मात्र स्टेल्थ ही या प्रकारच्या गेममधली सर्वांत समृद्ध खेळपद्धती ठरते. तलवारबाज त्या जगातून वाट काढतो, तर लपणाऱ्याला ते जग वाचावे लागते.

होसकोट्याच्या रात्रीची सर्वांत शहाणपणाची चाल छापा घालणाऱ्याने केली नव्हती. ज्याच्यावर छापा पडला त्याने ती केली. गेम आपल्याला जवळजवळ नेहमी छापा घालणाऱ्याच्या जागी बसवतात आणि आपण हुशार वाटावे म्हणून समोरच्याला मूर्ख ठेवतात. पहारेकऱ्याला जेवढी अक्कल, तेवढेच लपण्याला मोल. पुढचा गेम निवडताना, त्यावर लिहिताना किंवा पुढे कधी तो स्वतः घडवताना ही फूटपट्टी जवळ ठेवावी.

१०. स्वाध्याय

१. ‘फायद्याचे’ आणि ‘अर्थपूर्ण’ या दोन निकषांतील फरक तुम्ही खेळलेल्या एखाद्या गेमच्या आधारे स्पष्ट करा. गेम खेळत नसाल तर लपाछपी किंवा पत्त्यांचा एखादा डाव घेतला तरी चालेल.

२. पात्राची वाढ वाराच्या जोरात न मोजता माहितीत मोजायची असेल, तर कौशल्यांची यादी कशी असेल? पाच कौशल्ये सुचवा आणि प्रत्येकाची मर्यादा लिहा.

३. होसकोट्याच्या छाप्यावर गेमचा एक प्रसंग रचा. खेळाडू हल्लेखोर नसून छावणीतला पहारेकरी आहे. त्याला काय दिसते, काय ऐकू येते आणि तो कोणते तीन हुकूम देऊ शकतो? यांपैकी एक हुकूम चुकीचा ठरेल अशी व्यवस्था करा.

४. खेळ कधीही जतन करता येण्याची सोय स्टेल्थला मारक आहे, या मताची बाजू घ्या किंवा ते खोडून काढा. ज्यांना खेळायला सलग वेळ मिळत नाही अशा खेळाडूंचा विचार उत्तरात आला पाहिजे.